पाचोळा पेटवण्याआधी

जानेवारी ते मार्च हा कर्जत-खालापूरकडे पाने गळण्याचा हंगाम. साग, ऐन, पळस, शिरीष, देशी बदाम, सगळे एकामागून एक रिकामे होतात. फार्महाऊसवरचा माळी सकाळी खराट्याने आवार झाडतो, कोपऱ्यात कमरेएवढा ढीग लागतो आणि मुंबईला फोन जातो, "शेठ, कचरा पेटवून देऊ का?" शेठ हो म्हणतात. एप्रिलमध्ये फोन उलट्या दिशेने येतो: जास्वंदीने माना का टाकल्या, टँकर सांगितला का? जूनच्या तोंडावर शेणखताचा ट्रॅक्टर येतो, नर्सरीतून कोकोपीटच्या विटा येतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आणि दंडही ठरवला, पण आवाराच्या भिंतीआडचा धूर कोण बघतो?

पान जळते तेव्हा त्यातला नत्र जवळजवळ सगळा हवेत जातो, गंधकही बराच जातो. पालाश आणि चुना राखेत उरतात, पण ती राख मृगाच्या पहिल्याच सरीत वाहून नाल्याला लागते. मागे राहतो तो भाजलेल्या मातीचा काळा डाग.

इथल्या मातीला दोन उलट संकटे सोसावी लागतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कर्जतला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, माथेरानच्या माथ्यावर तर याहून कितीतरी जास्त. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे एखाददुसरे झोडपणे झाले की पुढचे सात-आठ महिने आभाळ कोरडे. त्यात बंगल्याचे प्लॉट बहुतेक वेळा भाताच्या खाचरात मुरूम टाकून उचललेले किंवा वरकस माळ फोडून सपाट केलेले असतात. वर ट्रकने आणलेली तांबडी माती वीतभर, तिच्याखाली दाबून बसलेला मुरूम. ही वीतभर माती पावसाळ्यात वाहू द्यायची नाही आणि उन्हाळ्यात तापू द्यायची नाही, एवढे साधले तर बाग साधली. त्यासाठी ती उघडी न ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. शेतकी भाषेत त्याला आच्छादन म्हणतात, नर्सरीवाले मल्चिंग म्हणतात.

पावसाळ्यातली गोष्ट आधी, कारण आच्छादन म्हणजे उन्हाळ्याचे काम असा सार्वत्रिक समज आहे. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी तीस किलोमीटरहून जास्त. उघड्या मातीवर तो आदळला की मातीची ढेकळे फुटतात, बारीक कण उडतात आणि परत बसताना मातीची छिद्रे बुजवतात. वर पातळ कातडी धरल्यासारखा थर बसतो. मग पाणी मुरत नाही, नुसते वाहते. खात्री करायची असेल तर ऑगस्टमध्ये कुठल्याही पांढऱ्या रंगाच्या कुंपणभिंतीकडे पाहा. जिथे पायथ्याशी माती उघडी आहे तिथे दीड-दोन फुटांपर्यंत तांबडे शिंतोडे दिसतील. जिथे गवत किंवा पाचोळा आहे तिथे भिंत बरीच स्वच्छ असते. हेच शिंतोडे वांगी-मिरचीच्या खालच्या पानांवर उडतात आणि मातीतल्या बुरशीला आयती शिडी मिळते. पावसाळ्यात टोमॅटोची पाने खालून करपत वर जातात त्याचे एक कारण हे.

उन्हाळ्यात काम वेगळे. मे महिन्यात इकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर तापतो. वरच्या दोन इंचांतली बारीक मुळे, जी खरे तर अन्न शोषतात, ती भाजून निघतात. खालची ओल सूक्ष्म छिद्रांतून वर चढत राहते आणि उडून जाते. पाचोळ्याचा थर ऊन अडवतो आणि मातीला लागणारा वाराही. त्यामुळे ओल वर येते पण उडत नाही. सुभाष पालेकरांच्या नैसर्गिक शेतीत जीवामृत आणि बीजामृताच्या जोडीला आच्छादन आणि वाफसा हे दोन खांब धरले आहेत, ते एकमेकांना लागूनच. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही. रोज पाइप सोडून चिखल केलेल्या वाफ्यात वाफसा नसतो, आणि झाडे पाण्यात उभी राहूनही सुकतात ती त्यामुळे.

पाने जाळण्याला या भागात जुनी परंपरा आहे, हे विसरून नुसता उपदेश करण्यात अर्थ नाही. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पाचोळा, गवत यांचे थर रचून उन्हाळ्यात भाजायचे, म्हणजे राब भाजायचा. त्यामागे अक्कल होती. आगीने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, माती भुसभुशीत होऊन लावणीच्या वेळी रोप मुळासकट सहज उपटते. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा हक्क हा इतका जिव्हाळ्याचा प्रश्न होता की १८८० च्या दशकात ठाणे-कुलाबा भागातल्या जंगलविषयक तक्रारींची चौकशी करायला नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे तो मोठा विषय झाला. पण राब हा रोपवाटिकेच्या गुंठा-दोन गुंठ्यांपुरता असतो, आणि त्याला कारण असते. फार्महाऊसवर जाळला जाणारा पाचोळा हा नुसता सफाईचा हट्ट आहे.

राबाला पर्याय शोधणारी माणसेही याच भातपट्ट्याने पाहिली. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत पहिले सूत्रच भाताच्या अवशेषांचे आहे: तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा शेतात परत द्यायचा. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे. बांधावर लावलेले गिरिपुष्प छाटले की फुटते, पाला लवकर कुजतो आणि नत्र देतो. इकडे कितीतरी फार्महाऊसांच्या कुंपणाला हेच झाड असते आणि त्याच्या छाटलेल्या फांद्या कचरा म्हणून रस्त्याच्या कडेला फेकल्या जातात.

सगळ्यात ठळक उदाहरण मात्र नेरळजवळच्या मालेगावात आहे. चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग कृषी पर्यटनासाठी सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे तयार झालेले भाताचे एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) तंत्र मला त्याहून मोलाचे वाटते. या पद्धतीत नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदा कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून भात टोकायचा, आणि कापणीनंतर धसकटे उपटायची नाहीत. मुळे जमिनीतच कुजतात, त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, गांडुळे येतात, पाणी मुरते. त्याच वाफ्यावर रब्बीत वाल किंवा दुसरे पीक घ्यायचे. तणनाशकावरचे अवलंबन हा या पद्धतीवरचा आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. पण माती न हलवता, न उघडता ठेवली तर ती काय करू शकते याचा धडा मुंबईहून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, आणि बागवाल्यांनी तो बघितलेला नसतो.

वालाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगतो. भात निघाल्यावर खाचरात वाल टाकतात, तो बहुतेक नुसत्या उरलेल्या ओलीवर वाढतो. जानेवारी-फेब्रुवारीत मडक्यातली पोपटी लागते ती या वालाच्या शेंगांची. पाऊस थांबल्यावरही महिनोन्‌महिने पुरेल एवढी ओल या मातीत असते, फक्त ती उडू द्यायची नाही. म्हणून आच्छादन घालण्याची वेळ उन्हाळ्याच्या तोंडावर नाही, तर ऑक्टोबरात, हस्ताचा पाऊस सरल्यावर, माती ओली असतानाच. मार्चमध्ये कोरड्या मातीवर पाचोळा टाकला तर कोरडेपणच झाकले जाते.

अडचण एवढीच की ऑक्टोबरात पाने गळालेली नसतात. म्हणून मागच्या हंगामातला पाचोळा साठवावा लागतो. जाळीच्या पिंजऱ्यात किंवा जुन्या गोण्यांत दाबून ठेवला की पावसाळ्यात तो अर्धवट कुजतो आणि ऑक्टोबरात काळसर, मऊ, मातीचा वास येणारा माल हाती येतो. वाफ्यासाठी याच्यापेक्षा चांगले आच्छादन विकत मिळत नाही.

कोणते पान कसे वागते हेही बघावे लागते. सागाचे पान ताटाएवढे. ती एकावर एक बसली की वरून पडलेले पाणी घरंगळून बाजूला जाते आणि वाफा कोरडा राहतो. ती चुरूनच वापरावीत. लॉन कापायचे यंत्र त्यांच्यावरून दोनदा फिरवले की काम होते. आंब्याचे आणि बांबूचे पान चिवट, सावकाश कुजते, झाडांच्या आळ्यांना उत्तम. पेंढा झकास, पण तो गुरांच्या तोंडचा काढून बागेत अंथरू नये. पावसात भिजून काळा पडलेला, गुरे तोंड लावत नाहीत असा मागून घ्यावा. भातगिरणीचे तूस हलके असते, वाऱ्याने उडते आणि पहिल्या पावसात तरंगत जाते. ते पाचोळ्याखाली घालावे. नारळाची सोडणे उलटी मांडली तर वर्षभर ओल धरतात.

लाकडाच्या भुशाची सगळ्यांना भीती असते की तो नत्र खातो. त्यात अर्धे खरे आहे. भुसा, तूस, पेंढा यांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडा. ते कुजवणारे जिवाणू नत्र मातीतून ओढतात. पण हे जोरात घडते ते भुसा मातीत मिसळला तर. नुसता वर पसरला तर ओढाताण वरच्या पातळ थरापुरती राहते. पसरा, पण कुदळीने कालवू नका. वाटल्यास खाली गिरिपुष्पाचा ओला पाला घाला.

थर बसल्यावर दोन ते तीन इंच राहील एवढा हवा. कोरडी पाने त्यासाठी पाच-सहा इंच घालावी लागतात. झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. बुंध्याला टेकवून ढीग केला की साल सतत ओली राहते, कुजते, वाळवी चढते. कोकणच्या हवेत ही चूक आंबा-चिकूच्या तरण्या कलमांना भोवते. आच्छादनाने लव्हाळा मरत नाही, हेही सांगून टाकतो. त्याच्या गाठीतून निघालेला टोकदार कोंब प्लास्टिकच्या कागदातूनही वर येतो. तो गाठीसकट खणूनच काढावा लागतो.

दोन धोके मात्र खरे आहेत. पहिला सापाचा. पाचोळ्यात उंदीर, बेडूक येतात आणि त्यांच्यामागे घोणस, मण्यार, फुरसे. घराच्या भिंतीपासून, पायवाटेपासून आणि मुले खेळतात त्या जागेपासून दोन-तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा, आणि ढिगात कधीही उघडा हात घालू नका, आधी काठी किंवा पंजा. दुसरा वणव्याचा. फेब्रुवारीनंतर इथले डोंगर पेटतात आणि आग गवतावरून थेट कुंपणापर्यंत येते. डोंगराच्या बाजूला वनखाते काढते तशी जाळरेषा हवी, म्हणजे गवत-पाला काढलेला मोकळा पट्टा. जमीन उघडी ठेवायची ती नेमकी एवढ्याच ठिकाणी.

आता लॉन. लॉनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लॉन हेही आच्छादनच आहे, फक्त जिवंत, आणि सगळ्या आच्छादनांत महागडे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवे ठेवायचे तर लॉनला रोज चार-पाच मिलिमीटर पाणी लागते. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्याला दिवसाला साधारण ५०० लिटर आणि चार गुंठ्यांना २,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर पाच दिवसांत संपला. याच कर्जत-खालापूर तालुक्यांतल्या ठाकूरवाड्यांत आणि कातकरवाड्यांत एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पेजेच्या आणि पाताळगंगेच्या काठची फार्महाऊसे उन्हाळ्यातही हिरवी दिसतात ती टाटांच्या पाण्यामुळे: खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून घाटमाथ्यावरचे पाणी वीज करून खाली सोडते. राजनाला कालव्यावरचा उन्हाळी भातही त्यावरच. नदीपासून लांबच्या माळावर ते दृश्य बोअरच्या जिवावर उभे करू नये.

मग लॉन नकोच का? तसे नाही. जिथे माणसे खरोखर बसतात, मुले खेळतात, तिथे हवेच. पण गवताची निवड जागा बघून करा. पूर्ण ऊन असेल तर आपली हरळी किंवा तिच्यातलीच निवडलेली, नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून मिळणारी जात. ती तुडवणे सोसते, पाणी तुटले तर पिवळी पडते पण मरत नाही, पावसाला परत उठते. मेक्सिकन किंवा कोरियन नावाने मिळणारे मऊ गवत सावकाश वाढते, कमी कापावे लागते, पण एकदा उखडले की भरायला फार वेळ घेते. झाडाच्या सावलीत हरळी तग धरत नाही. तिथे रुंद पानाचे बफेलो गवत थोडेफार चालते. दाट आंब्याखाली कुठलेच चालत नाही. तरी दरवर्षी तिथे नवे लॉन लावणारी माणसे आहेत.

लावणीची वेळ नर्सरीवाले जून सांगतात. इथल्या मुसळधारेत कोवळी मुळी धरायच्या आत माती निघून जाते, म्हणून मी सप्टेंबरअखेर निवडेन. उतार शंभर फुटांना फूटभर तरी हवा. खाली मुरूम दाबलेला असेल तर तो फोडून घ्या, नाहीतर जुलैत लॉनवर चालताना पाय पचपचतो आणि मुळे गुदमरतात. कच्चे शेण टाकू नका. त्यातून तणाचे बी येते आणि हुमणीच्या अळ्याही. हुमणी मुळे खाते, आणि गवत सतरंजीसारखे हाताने उचलले जाते तेव्हाच ती लक्षात येते.

कापणीचा नियम एकच: एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही. शनिवारी पाहुणे येणार म्हणून घोट्याएवढे वाढलेले गवत शुक्रवारी जमिनीलगत छाटणे हा इथला आवडता अपराध आहे. खालच्या पांढऱ्या दांड्या उघड्या पडतात, ऊन लागून करपतात, आणि मोकळ्या जागेत टाकळा, लाजाळू, लव्हाळा शिरतात. पाते बोथट असेल तर गवत कापले जात नाही, फाटते. दुसऱ्या दिवशी सगळी टोके पांढरट दिसतात. पावसाळ्यात ऊन कमी असते, म्हणून गवत थोडे उंच ठेवावे, आणि कापलेले गवत गोळा करू नये. नियमित कापले तर ते तुकडे बारीक असतात, आठवड्यात विरून जातात आणि लॉनच्या वर्षाच्या नत्रातला चौथा हिस्सा भागवतात. फक्त पावसात भिजून गोळा झालेले गवत उचला. त्याखाली बुरशीचे तपकिरी चट्टे पडतात. ते उचललेले गवत वाळवून वाफ्यावर पातळ पसरा.

युरियाची गोणी दाखवली की माळी खूश असतात, कारण चार दिवसांत हिरवेपणा दिसतो. पण जुलैच्या धारेत टाकलेला युरिया गवताला थोडा आणि उल्हास नदीला जास्त मिळतो, आणि त्याच नदीचे पाणी पुढे बदलापूर-कल्याणकडची माणसे पितात. द्यायचाच तर सप्टेंबरनंतर, गुंठ्याला किलोच्या आत, आणि लगेच पाणी.

पाणी रोज शिंपडू नका. दोन-तीन दिवसांआड, पहाटे, पण पाच-सहा इंच खोल मुरेल इतके द्या. कधी द्यायचे हे गवतच सांगते. लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा: पावले उमटून तशीच राहिली, पाती परत उठली नाहीत आणि रंग निळसर-करडा दिसला, तर पाणी हवे. पाती उठली तर नको. पावसाळा संपल्यावर काट्याने लॉनभर भोके पाडून वर चाळलेली माती, वाळू आणि कुजलेले खत यांचा पातळ थर पसरा. ओल्या लॉनवर गाड्या लावणे आणि लग्नाचा मांडव घालणे टाळा. दाबलेल्या मातीत हवा राहत नाही, आणि हवा नसलेल्या मातीला कुठलेही खत लागू पडत नाही.

येत्या मे महिन्यात एक काम करा. लॉनवर फिरून पिवळे पडलेले, सावलीने विरळ झालेले आणि कोणीच पाऊल टाकत नाही असे तुकडे चुन्याने आखा. त्या तुकड्यांचे लॉन सोडून द्या. पाऊस सुरू झाला की तिथे अबोली, कर्दळ, हळद, गवती चहा लावा आणि मधल्या मातीवर पाचोळा पसरा. चार गुंठ्यांतला एक गुंठा लॉन उरले तर लॉनच्या पाण्याचे बिल चौथाईवर येईल, आणि त्या एका गुंठ्याची निगा माळ्याला नीट राखता येईल.